हजेरी कमी पडली तेव्हा : नागपुरातील विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे अनुभव

गेली अठरा वर्षे मी नागपुरातील एका महाविद्यालयात शिकवते आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे कोणत्या ना कोणत्या वर्गाची पालक-शिक्षिका राहिले आहे. हिवाळी परीक्षेचे अर्ज भरण्याच्या सुमारास सूचनाफलकावर कमी हजेरीची, म्हणजे परीक्षेला बसण्यापासून रोखले जाऊ शकणाऱ्या मुलांची, यादी लागते आणि पुढचे चार-पाच दिवस विभागाच्या दारात मुले आपापले कागद घेऊन उभी असतात. मागच्या यादीत 41 टक्के हजेरी असलेला एक मुलगा होता. त्याने काहीच मागितले नाही. नावापुढे सही करून तो निघाला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातून मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील वॉर्डाचा घामाने मऊ पडलेला पास डोकावत होता. वडिलांना अर्धांगवायू झाला होता. दीड महिना तो रात्री वॉर्डाबाहेरच्या फरशीवर झोपत होता आणि सकाळी धाकट्या बहिणीला शाळेत पोहोचवत होता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे शून्ये मीच मांडत होते, पण "बाळा, तू आहेस कुठे?" असे एकदाही विचारले नव्हते. ती चूक माझी होती, आणि म्हणूनच हा धागा काढते आहे.

आजार, बाळंतपण, घरातील मृत्यू, पैशाची ओढाताण अशा कारणांनी ज्यांना वर्गात येता आले नाही, त्यांनी आपल्याला कोणती मदत, कधी आणि कुणाच्या पुढाकाराने मिळाली, किंवा का मिळाली नाही, हे सविस्तर लिहावे. संस्थेचे आणि व्यक्तीचे नाव मात्र लिहू नये.

भंडारा जिल्ह्यातून आलेली विद्यार्थिनी, बी.एस्सी.

मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. विदर्भातील अनेक घरांना हा आजार ठाऊक आहे, तरी वर्गात त्याचे नाव घेणे मला जमत नसे, कारण पुढे मुलीच्या लग्नाचे कसे होईल ही काळजी आईने माझ्याही मनात घातली होती. थंडी वाढली किंवा अंगातील पाणी कमी झाले की हाडांमध्ये कळा सुरू होतात, आणि आपल्या उन्हाळी परीक्षा तर पारा 44-45 अंशांकडे जाऊ लागतो त्याच दिवसांत येतात. पहिल्या वर्षी मी प्रत्येक अर्जात "ताप आला होता" एवढेच लिहिले. एका सत्रात तीनदा ताप पाहून कार्यालयाला शंका आली, आणि ती येणे स्वाभाविक होते.

दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारले आणि मी खरे ते सांगितले. त्यांनी हजेरीचा विषय नंतर काढला. आधी परीक्षेत पाण्याची बाटली जवळ हवी का, पंख्याखालची जागा हवी का, हे विचारले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने मान्य केलेल्या 21 प्रकारांमध्ये सिकलसेलचा समावेश आहे आणि त्याच कायद्याच्या कलम 17 मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम व परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करण्याची तरतूद आहे, हे मला त्यांच्याकडून कळले. उच्च शिक्षणातील 5 टक्के आरक्षणासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, ते माझ्याकडे नाही. तरीही डिस्चार्ज कार्डांच्या आधारे प्राचार्यांनी माझी हजेरीतील तूट माफ केली. आता प्रत्येक वेळी दवाखान्यातून सुटताना मी कार्डाच्या दोन छायाप्रती काढते, आणि कळा सुरू झाल्या की मैत्रिणीमार्फत त्याच दिवशी निरोप पाठवते.

विधी शाखेचा विद्यार्थी

नागपूरच्या मिहान या उद्योग-क्षेत्रात रात्रपाळी करून मी तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करतो आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी आवश्यक असते. अपवादात्मक कारण असेल आणि सर्व विषय मिळून 65 टक्के भरत असतील, तर प्राचार्य कारणे नोंदवून सवलत देऊ शकतात. माझे 66 टक्के भरले होते. आईची शस्त्रक्रिया हे कारणही होते, पण या तरतुदीची माहिती मला यादी लागल्यावर मिळाली, आणि तोवर अर्जाची मुदत संपली होती. ते सत्र गेले. हजेरीअभावी विधीच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असे दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये म्हटले आहे. मात्र आपण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत येतो, त्यामुळे तो निकाल येथे आपोआप बंधनकारक आहे असे धरून कुणी निश्चिंत राहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एम.ए. करताना आई झालेली

पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी मला सातवा महिना सुरू होता. "एक वर्ष थांबून घे" असा सल्ला घरच्यांनी दिला आणि विभागातूनही तोच मिळाला. सल्ला मायेपोटी होता, हे मी जाणते. पण थांबलेल्या किती जणी परत येतात, हेही मी माझ्या दोन्ही नणंदांच्या बाबतीत पाहिले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2021 मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवून पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा, हजेरी आणि परीक्षा अर्जाची मुदत यांबाबत सवलतीचे नियम करण्यास सांगितले आहे. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी तर 240 दिवसांपर्यंतची रजा नियमांतच आहे. त्या पत्राची प्रत जोडून मी अर्ज केला.

सवलत मिळाली. परीक्षेच्या वेळी बाळ पाच आठवड्यांचे होते. माझी बैठक तळमजल्यावर दिली गेली आणि पेपर सुटेपर्यंत सासूबाई बाळाला घेऊन कर्मचारी कक्षात बसल्या. तिथल्या मावशींनी दुपट्याची झोळी बांधून दिली होती. ती सोय कोणत्याही परिपत्रकात नव्हती.

अभियांत्रिकीचा माजी विद्यार्थी

माझे थोडक्यात लिहितो. तिसऱ्या सत्रात मी वसतिगृहाच्या खोलीतून बाहेर पडणेच बंद केले होते. ताप नव्हता, कुठे दुखत नव्हते, त्यामुळे अर्जात कारण काय लिहावे हे कळत नसे, आणि कारण सुचत नाही म्हणून अर्जही होत नसे. खोलीतल्या दादाने 14416 या टेलि-मानस क्रमांकावर फोन लावून माझ्या हातात दिला. ही मानसिक आरोग्यासाठीची शासनाची मोफत सेवा आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येते. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलेले प्रमाणपत्र महाविद्यालयाने इतर वैद्यकीय प्रमाणपत्रांसारखेच मानले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये, 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले आहेत. आमच्या वेळी समुपदेशन कक्षाची पाटी होती आणि दाराला कुलूप असे.

निवृत्त कार्यालयीन अधीक्षक

तीस वर्षे मी आवक-जावक सांभाळली, म्हणून एवढेच सांगतो की अर्ज तोंडी नसतो. दोन प्रती आणाव्यात, एक कार्यालयात द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पुष्कळ मुले "सरांना सांगितले होते" असे म्हणत, आणि ती खरेच बोलत असत. परंतु तोवर सरांची बदली झालेली असे किंवा त्यांना आठवत नसे, आणि समितीपुढे ठेवायला माझ्याकडे कागद नसे. आजारपण चालू असतानाच अर्ज द्यावा, बरे झाल्यावर नव्हे. आई-वडिलांपैकी कुणीही तो आणून दिला तरी आम्ही घेत होतो.

धागाकर्ती

काकांच्या म्हणण्याला एक जोड देते. अर्ज फेटाळला गेला तर तिथेच थांबू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या तक्रार निवारण विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने तक्रार मिळाल्यापासून 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय मान्य नसेल तर पुढील 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. तिथेही पहिला प्रश्न आवक क्रमांकाचाच येतो.

आमच्या विभागात या सत्रापासून सलग सहा तास गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याला पालक-शिक्षकाने स्वतः फोन करायचा, असे ठरवले आहे. पहिल्या पंधरवड्यात मी अकरा फोन केले. दोघे नुसतेच टाळाटाळ करणारे होते. बाकीच्या नऊ घरांमध्ये काही ना काही घडलेले होते.

काटोल तालुक्यातील एक वडील

मुलीची आई श्रावणात गेली. घरी धाकटा मुलगा आणि म्हातारी आई, त्यात संत्र्याच्या बागेचे काम, म्हणून मुलीने स्वतःहूनच कॉलेजला जाणे सोडले होते, आणि मीही तिला जा म्हटले नाही, याचे वाईट वाटते. वरचे सर्व वाचून काल तिच्यासोबत नागपूरला आलो, मृत्यू प्रमाणपत्र जोडून अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. बाईंनी पुढच्या बुधवारी बोलावले आहे. तोपर्यंत मुलगी तिच्या मावशीकडे धंतोलीत राहील आणि उद्यापासून तासाला बसेल. बुधवारी काय होते ते कळवतो.