अनुभव धागा: इंदूरच्या फूटपाथवर झोपणाऱ्यांसाठी नेमकं काय करावं?

थंडी पडू लागली आहे. सरवटे बस स्टँड, एमवाय हॉस्पिटलचा परिसर, पुलांखालच्या जागा इथे जे नियमित जातात त्यांनी वर आपल्या भागाचं नाव घालून लिहावं. काय द्यायचं, किती, कुठे फसतं. आपली कहाणी नको, कामाचं सांगा.

रामबाग
ब्लँकेट सगळेच देतात, अंथरूण कोणी देत नाही. फरशी खालून ऊब ओढून घेते, म्हणून वर दोन ब्लँकेटं असली तरी माणूस कुडकुडतो. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा उलगडून दोन थर घाला आणि त्याखाली प्लास्टिकची पोती पसरा, म्हणजे पुठ्ठ्याला ओल लागत नाही. ब्लँकेट एकेरीच द्या. जाडजूड डबल ब्लँकेट दिवसभर वागवता येत नाही, आणि कोपऱ्यात ठेवलं तर संध्याकाळी जागेवर नसतं. सोबत नाडीची थैली, कानटोपी, मोज्यांचे दोन जोड. डिसेंबरअखेर एकेकाला तीन-तीन ब्लँकेटं मिळतात, संक्रांतीनंतर कोणी फिरकत नाही. निम्मा साठा तेव्हासाठी ठेवाच.

लोकमान्य नगर
दीनदयाळ रसोईत (सरकारी स्वस्त जेवणाचं केंद्र) 5 रुपयांत थाळी मिळते, पण ती दिवसा. खरी अडचण रात्रीची. दात नसलेल्यांना पुरी-कचोरी चावत नाही, तेव्हा मऊ खिचडी करा. 1 किलो तांदूळ, अर्धा किलो मूगडाळ, 7 ते 8 लिटर पाणी, तिखट अगदी कमी. साधारण 15 जणांना पुरते. शिजल्यापासून दोन तासांत वाटा, गरम डब्यात कोंडून ठेवली की आंबते. लग्नातलं उरलेलं पनीर, दही, मावा नेऊच नका. ताटं स्टीलची न्या आणि परत आणा. द्रोण-पत्रावळींचा ढीग मागे राहिला की दुसऱ्या दिवशी तिथून उठवलं जातं त्या झोपणाऱ्यांनाच.

राजेंद्र नगर
सिग्नलवर पैसे देऊ नका. 1 जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवू, असं इंदूरच्या प्रशासनाने जाहीर केलं होतं.
रैन बसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रीच्या निवाऱ्यात, जायला लोक नकार देतात तो हट्ट नसतो. ठेला कुठे लावायचा, नवरा-बायकोला वेगळं झोपवतील का, कुत्र्याचं काय, हे प्रश्न असतात. आधी एकटे जाऊन ही उत्तरं घेऊन या, मग त्यांच्यासोबत चालत जा आणि रजिस्टरमध्ये नाव चढेपर्यंत थांबा. अशा निवाऱ्यांच्या सरकारी योजनेच्या नियमांत लाख लोकवस्तीमागे किमान 100 जणांची सोय आणि माणशी 50 चौरस फूट जागा धरली होती. जागा नाही म्हणाले तर नगरसेवकाकडे हेच आकडे घेऊन जा.

सुदामा नगर
राजेंद्र नगरच्या दादांना जोडून. झोपलेल्याला हलवू नका, तोंडावर टॉर्च मारू नका. पायाकडे उभं राहून हाक मारा, "बाबा, कुछ चाहिए क्या?" एवढं पुरे.
कुडकुडणं थांबलंय, बोलणं अडखळतंय, तर "प्यायलाय" म्हणून पुढे जाऊ नका. अंग गार पडत असतं. 108 ला (अँब्युलन्स) फोन करा आणि पत्ता सांगताना जवळचं दुकान किंवा खांबाचा नंबर द्या. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. हातपाय चोळू नका, दारू तर अजिबात नको. पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड चहा.

नारायण बाग
बायकांसाठी पॅडसोबत निकर आणि कागदी पिशव्याही द्या, नुसते पॅड वापरता येत नाहीत. ताईंनीच द्यावं, दिवसाउजेडी. एकटं मूल दिसलं तर 1098 (मुलांची हेल्पलाइन), एकटी आजी किंवा आजोबा दिसले तर 14567 (ज्येष्ठांची हेल्पलाइन).