गावरस्त्यावर पंचर झालं तेव्हा... विदर्भातले अनुभव इथं लिहा

धुऱ्यावरचा
शहरात पंचर झालं की फोन करायचा, पंप घेऊन माणूस हजर. आपल्याकडं फाट्यावरचं पंचरचं दुकान दुपारी बंद आणि मालक वावरात. उन्हाळ्यात अकोला-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर, पावसाळ्यात काळ्या मातीत माणसाचाच पाय रुतते, तिथं जॅक काय टिकणार. म्हणून हा धागा. सायकल, फटफटी, ट्रॅक्टर, बंडी, कशाचाही अनुभव चालेल. फक्त 'ट्यूबलेस घ्या, विषय संपला' एवढंच लिहून जाऊ नका.

माझं निरीक्षण असं की आपल्याकडं पंचर हंगामाप्रमाणं बदलते. पेरणीच्या आधी कुंपणासाठी बोरी-बाभळीच्या काट्या पांदणीतून, म्हणजे वावरात जायच्या वाटेनं, ओढत नेतात. त्यातले गळालेले काटे जूनच्या चिखलात दबून बसतात, दिसत नाहीत. तूर निघाली की खुंटं. विळ्यानं तिरपी कापलेली तुरीची खुंटं वाळली की ट्रॅक्टरच्या टायरालाही सोडत नाहीत. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, त्या मानानं गरीब, ती चिमट्यानं मुळासकट उपटून निघते.

वावरातला माणूस
खुंटाची गोष्ट खरी हाय भाऊ. आमच्या ट्रॅक्टरच्या मांगच्या टायरात वजनासाठी पानी भरून होतं. खुंट घुसला अन् पिचकारीच उडाली. पोट्टे पाहाले धावले. चाक काही खोललं नाही. तिथंच टेकू देल्ला, टायरची एक बाजू रिमवरून उतरवली, ट्यूब बाहेर ओढून ठिगळ मारलं. पंचरवाला फटफटीवर आला होता, पण एवढ्या टायरात पायपंपानं हवा भरता भरता माणूस म्हातारा होईन. मंग बाजूच्या गावातून कॉम्प्रेसर आणला. टायरात पानी पुन्हा भरायचं काम दुसऱ्या दिवशी.

मास्तरीणबाई
दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात शाळा आहे माझी, येणंजाणं स्कूटीवर. मागच्या चाकात खिळा दिसला तर तो उपटायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलं आहे. ट्यूबलेस टायरात खिळाच बुचासारखा बसलेला असतो. डिक्कीत छोटा पायपंप असतो. हवा भरायची, हळू जायचं, कमी झाली की पुन्हा भरायची. अशी मी फाट्यापर्यंत आरामात पोचते.

दुकानात मात्र पहिला प्रश्न ठरलेला : "मॅडम, सर नाही का संगं?" आता मीच विचारते, "का हो काकाजी, पंचर सरांना विचारून होते का?" एकदा हसले, तेव्हापासून खुर्ची देतात.

धुऱ्यावरचा
@मास्तरीणबाई, हे बरोबर, पण ट्यूब असलेल्या टायरात उलटं. तिथं खिळा ठेवून चालवलं की तो आत हलत राहते अन् एका भोकाची चार भोकं होतात.

कडप्पा
ट्यूबलेसवाल्यांनी हेही ऐका. घाटंजी-पांढरकवडा बाजूला आमची कार खड्ड्यात आपटली. टायर शाबूत, पण रिमची कड वाकली आणि सगळी हवा तिथून गेली. आता भोकात कोंबायच्या पंचरच्या वाती आणि किट घेऊन काय करता? स्टेपनीच लागते.

पावसाळ्याचे दिवस होते. साइडपट्टीचा मुरूम वाहून गेलेला, खाली नुसती काळी माती. जॅक फिरवतोय, गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातोय. वावरातून एक काकाजी आले, थोडा वेळ बघत उभे राहिले, मग विहिरीवरच्या मोटारपंपाच्या खोलीतून एक फरशी घेऊन आले. ती खाली ठेवली, काम झालं. त्या दिवसापासून माझ्या डिक्कीत कडप्प्याचा तुकडा कायम आहे. बायकोला वाटतं ओट्याचा उरलेला आहे, फेकून द्यावा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, उचलल्यावर चाक नुसतं गरगर फिरते. वर्कशॉपमध्ये मशीननं आवळलेले नट हातानं सुटत नाहीत. पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागते किंवा पान्याला लोखंडी पाइप जोडावा लागतो. परत आवळताना समोरासमोरचे आवळायचे. उताराला दुसऱ्या चाकांना आधी दगड लावायचे, हे सांगायला नको.

नदीपलीकडचा
आलापल्लीहून सिरोंच्याकडं जाताना जंगलाच्या पट्ट्यात फटफटी बसली. मोबाइलला रेंज नाही. धानाचा मुलूख, त्यामुळं तणसाला, म्हणजे धानाच्या पेंढ्याला, तोटा नाही. एका म्हाताऱ्यानं ट्यूब काढायला लावली आणि टायरात तणस कोंबलं, अगदी ठासून. सायकलीला हे करताना लहानपणी पाहिलं होतं, फटफटीला पहिल्यांदाच. चालण्याच्या वेगानं पुढच्या गावापर्यंत गाडी आली. रिम वाचली. वळणावर मात्र मागचं चाक आपल्याच मर्जीनं जातं, त्यामुळं घाटात हा उद्योग करू नये.

समृद्धीवरून
समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, तेव्हा हे कारवाल्यांसाठी. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, तेव्हापासून आमचं जाणं त्याच रस्त्यानं. तापलेलं काँक्रीट आणि तासन्‌तास एकच वेग; जुना टायर इथंच दगा देतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी हे आकडे बघा. हवा टायर थंड असताना तपासा. आणि पंचर झालंच तर गाडी जमेल तितकी कडेला घ्या, माणसं उतरवून कठड्यापलीकडं उभी करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा. समृद्धी राज्याचा आहे, त्याचा मदत क्रमांक वेगळा.

वावरातला माणूस
आमच्या पांदणीले कोन्ता क्रमांक हाय मंग?

चौफुलीवरचा पंचरवाला
धंदा माहाच हाय, म्हून लिवतो. हवा गेल्यावर गाडीवर बसून येऊ नका. "दुकान जवळच होतं" म्हनतात अन् ट्यूबचा भुगा घेऊन येतात. रिमनं कापलेल्या ट्यूबले ठिगळ लागत नाही. वालापाशी फाटली तरी तेच, नवीनच टाका लागते. ढकलत आना.

दुसरं, ठिगळ लावून दोन दिवसांत पुन्हा तिथंच पंचर झालं की लोक आमाले शिव्या देतात. काट्याचं टोक टायरात मोडून राह्यलेलं असते. डोळ्यानं दिसत नाही, बोट फिरवलं तर बोटात घुसते. मी कापसाचा बोळा आतून फिरवतो. जिथं काटा असंन तिथं रुई अडकते. तेवढं टोक पकडीनं ओढून काढलं की मंगच ट्यूब आत टाकतो.

धुऱ्यावरचा
हे झकास! कापूस चांगला लागतो का?

चौफुलीवरचा पंचरवाला
फरदडीचा, हंगाम सरल्यावर ठेवलेल्या पऱ्हाटीचा हलका, बी चालते.