शिपिंगच्या नावाखाली लुटलं का मला? मदत हवी आहे

मंडळी, ऑनलाइन लिलावात दोन शिवराई (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) ६४० ला मिळाल्या, लिहिलं होतं 'शिपिंग ॲक्च्युअल', म्हणजे पाठवायला जेवढा खर्च येईल तेवढाच, आणि जिंकल्यावर सेलरने २५० मागितले, म्हटलं जाऊ दे, भरले. काल पाकीट आलं तर स्पीड पोस्टच्या लेबलवर वजन ४० ग्रॅम आणि ५५ रुपये! विचारलं तर म्हणे पॅकिंग अन् इन्शुरन्स. पॅकिंग काय, तर लग्नपत्रिकेचे दोन तुकडे आणि सेलोटेप, आणि इन्शुरन्सची पावती मागितली तर ब्लू टिक, उत्तर नाही. नाणी मात्र झकास आहेत हो, म्हणून निगेटिव्ह फीडबॅक द्यायला जीवावर येतंय. पाकिटाचा फोटो लावून लिलाववाल्यांकडे तक्रार केली तर फरकाचे पैसे मिळतात का, कुणाला अनुभव? पॅकिंगचे किती देणं रास्त?