मदत हवी आहे: अहवाल हिरवागार, शाखा लालबुंद

नमस्कार मंडळी,

एका सहकारी बँकेचा आयटी सपोर्ट दीड वर्षापासून सांभाळते आहे. नाव-गाव विचारू नका. २७ शाखा, आणि मी धरून आम्ही आठ जण.

मागच्या महिन्यात संचालक मंडळापुढे अहवाल ठेवला. ९६ टक्के तक्रारी ठरलेल्या वेळेत बंद. मी जरा ऐटीतच बसले होते. तेवढ्यात एक वयस्कर संचालक म्हणाले, "मॅडम, मग आमच्या शाखेतलं पासबुक मशीन रोज सकाळी का रडतं?"

रात्री घरी जाऊन आकडे उपसले. पासबुक प्रिंटरच्या तीन महिन्यांत १३८ तक्रारी! प्रत्येक वेळी आमचा पोरगा रिमोटने शिरतो, प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारा प्रोग्राम) बंद करून चालू करतो, दोन ओळी छापून घेतो आणि तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद. सरासरी सात मिनिटं. म्हणून अहवालात हिरवं. दुसऱ्या दिवशी तीच शाखा, तेच मशीन, नवीन तिकीट नंबर.

अजून एक सापडलं, सांगायला लाज वाटते. 'शाखेच्या उत्तराची वाट' असं स्टेटस टाकलं की आमच्या सिस्टिममध्ये ठरलेली वेळ मोजणारं घड्याळ थांबतं. संध्याकाळी साडेपाचला ढिगाने तिकिटं त्या स्टेटसला जातात. शाखेला कुणी काही विचारलेलंच नसतं.

शिवाय व्हॉट्सॲप. शाखाधिकारी तिकीट टाकतच नाहीत. ग्रुपवर स्क्रीनचा फोटो, खाली 'अर्जंट', नाहीतर माझ्या सगळ्यात हुशार मुलाला थेट फोन. तो बिचारा 'साहेबांना नाही कसं म्हणू' करत सगळं घेतो. हल्ली त्याच्या लिंक्डइनवर फार चकरा चालू आहेत, मला दिसतंय.

एक सल्लागार म्हणतात, सगळ्यांना आयटिलचं (आयटी सेवा कशी चालवावी याच्या ठरीव पद्धतींचं) प्रशिक्षण द्या आणि नवीन सॉफ्टवेअर घ्या. पैसे मागायच्या आधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हटलं. सुरुवात कुठून करू?

खडूस_ॲडमिन:
ताई, आयटिल ४ मध्ये ३४ प्रॅक्टिसेस आहेत. तुम्ही आठ जण. माणशी चार, वर दोन उरतात, त्या सल्लागारांना द्या.

चेष्टा सोडा. त्यातली एकच गोष्ट आत्ता घ्या: इन्सिडंट वेगळा, प्रॉब्लेम वेगळा. धक्का मारून गाडी चालू करणं हा इन्सिडंट. बॅटरी रोज का उतरते ते शोधणं हा प्रॉब्लेम. तुमची पोरं १३८ वेळा धक्का मारून दमली, बॉनेट कुणी उघडलंच नाही. कारण बॉनेट उघडायला दोन दिवस लागतात आणि त्या दोन दिवसांचं तिकीट कुणाच्या खात्यात पडत नाही. माणशी किती तिकिटं बंद झाली ते तुम्ही मोजता ना? खरं सांगा. मोजत असाल तर ते आधी बंद करा. पासवर्ड रिसेट करणारा हिरो ठरतो आणि अवघड तिकीट महिनाभर बेवारस पडतं.

१३८ तक्रारी एका शीटमध्ये ओता. शाखा, वेळ, मशीनचं मॉडेल, ड्रायव्हरची (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती. तुमच्या त्या हुशार मुलाला हे काम द्या आणि दोन दिवस त्याचा फोन काढून घ्या. फोन आळीपाळीने एकानेच उचलायचा, आज हा, उद्या तो. बाकीच्यांनी मान वर करायची नाही. मुलगा टिकेलही कदाचित.

संचालकांना टक्के दाखवू नका. सगळ्यात जुनं उघडं तिकीट किती दिवसांचं, बंद केलेली किती परत उघडली, एकच तक्रार किती वेळा आली, एवढं पुरे.

काउंटरपलीकडून:
मी शाखाधिकारी आहे (दुसऱ्या बँकेत, घाबरू नका). व्हॉट्सॲपवर आम्ही का येतो ते ऐका. आमच्याकडच्या तिकिटाच्या फॉर्मात सोळा रकाने आहेत. कॅटेगरी, सब-कॅटेगरी, ॲसेट नंबर. समोर पेन्शनवाल्यांची रांग, एक आजी पासबुक नाचवत उभ्या, आणि मी ॲसेट नंबरसाठी टेबलाखाली वाकलोय. फोनवर कुणी नुसतं "बघतो साहेब" म्हणालं तरी जीव भांड्यात पडतो.

आमच्या आयटीवाल्यांनी ग्रुप बंद केला तेव्हा लोक खाजगीत मेसेज करायला लागले. मग त्यांनी अक्कल लढवली. फोन येऊ द्या, पण तिकीट त्यांचा माणूस बोलता बोलता स्वतः टाकतो आणि नंबर आम्हाला पाठवतो. आता आम्हीच नंबर मागतो. आणि सीबीएस (बँकेची मुख्य संगणक प्रणाली) बंद पडलं की दर अर्ध्या तासाला एक ओळ येते, 'अजून काम चालू आहे' एवढीच असली तरी. रांगेला सांगायला काहीतरी लागतं हो.

खडूस_ॲडमिन:
वरच्या साहेबांना +१. अजून एक राहिलं. प्राधान्य हुद्द्यावरून ठरवू नका. किती जणांचं काम अडलंय आणि किती वेळ थांबता येईल, यावरून ठरवा. अध्यक्षांच्या लॅपटॉपचं वायफाय आणि एका शाखेचा बंद पडलेला कॅश काउंटर, यात काउंटर आधी. (अध्यक्षांना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.)

'९९.९ टक्के चालू' यालाही भुलू नका. ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद असलं तरी ९९.९ भरतात. ती मिनिटं रविवारी रात्री गेली तर कुणाला पत्ता लागत नाही, सोमवारी सकाळी अकराला गेली तर तुमचा पुतळा जाळतील.

आणि उपाय सापडला की हुरळून २७ ठिकाणी एकदम टाकू नका. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट सगळीकडे एकदम गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. वार शुक्रवार होता. आधी एकच शाखा घ्या आणि परत फिरायची वाट लिहून ठेवा.

धागाकर्ती:
पाच आठवड्यांनी परत आले आहे. उशिराबद्दल क्षमस्व, मध्ये ऑडिट होतं.

खडूसराव, माणशी तिकिटं मोजत होते. भिंतीवर तक्ताच होता. काढला.

१३८ पैकी १११ तक्रारी नऊ शाखांच्या निघाल्या! या नऊ शाखांचे पीसी एकाच इमेजवरून (सगळं सॉफ्टवेअर असलेल्या एकाच तयार प्रतीवरून) भरलेले, प्रिंटरचा ड्रायव्हर जुना. आदल्या संध्याकाळचं अर्धवट छपाईचं काम रांगेत अडकून राहायचं आणि सकाळी पहिलं पासबुक घातलं की मशीन हटून बसायचं. मुलाला हे सापडायला दीड दिवस लागला. नवीन ड्रायव्हर आधी एका शाखेत दहा दिवस चालवला, मग बाकीच्या आठांत चौथ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असताना. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत त्या नऊ शाखांतून पासबुकच्या दोनच तक्रारी आल्या. त्यातली एक रिबनची.

तिकीट आता आम्हीच टाकतो. ते घड्याळ थांबवायचं स्टेटसही कुलूपबंद केलं, शाखेला काय विचारलं ते लिहिल्याशिवाय टाकताच येत नाही.

आता गंमत. सात मिनिटांत मिटणारी सोपी तिकिटं आटली आणि घड्याळ खरं चालायला लागलं, त्यामुळे 'वेळेत बंद' ९६ वरून ८९ वर आलं. शाखा खूश आहेत, अहवाल लाल आहे. मंगळवारी मंडळाची बैठक आहे आणि त्यांनी तेच जुने टक्के मागितले आहेत. ८९ दाखवून वर जुनी तिकिटं आणि पुन्हा-पुन्हाच्या तक्रारी मांडू, की आधी त्या वयस्कर संचालकांना गाठून त्यांच्या शाखेचं पासबुक छापून दाखवू?