जुनी बेसबॉल कार्डं: बावळट कोण, खेळाडू की छापणारे?

धूळपाटी:
चकोर यांच्या धाग्यावरच उत्तर देणार होतो, लांबलं म्हणून वेगळा काढला. त्यांनी टॉप्स या च्युइंगम कंपनीच्या जुन्या बेसबॉल कार्डांचे (खेळाडूंचे फोटो छापलेली, जमवायची कार्डं) फोटो टाकून लिहिलंय, "कोट्यधीश लोक, पण कॅमेऱ्यासमोर धड उभं राहता येत नाही." डोकं फिरलं. त्यातच १९५९ चा ल्यू बर्डेट आहे. उजव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर, पण पठ्ठ्याने टीममधल्या वॉरन स्पानचा डावखुऱ्यांचा ग्लव्ह चढवला आणि फोटोग्राफरला सरळ उल्लू बनवलं. टॉप्समध्ये एकाच्याही लक्षात आलं नाही, वर नावाचं स्पेलिंगही चुकवलं. १९६५ चा बॉब युकरही तसाच: उजवा असून बॅट घेऊन डावखुऱ्यासारखा उभा. आता सांगा, बावळट कोण?

चकोर:
बरं गुरुजी, ते दोघे खोडकर. १९५७ च्या कार्डावर हँक एरन डाव्या हाताने बॅटिंग करतोय, तोही खोडकरच का?

धूळपाटी:
ती निगेटिव्ह उलटी छापली गेलीय. त्यात एरनचा काय दोष? लिहिण्याआधी शोधायचं तरी.

चकोर:
असेल. मग १९६९ च्या सेटमधली बोडकी, म्हणजे बिनटोपीची, वैतागलेली तोंडं? आमच्या रेशनकार्डावरचा फोटो याहून बरा होता.

एडिसनकर:
त्यांना हसू नका, प्लीज. टॉप्स खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर टेकवायचं. मार्व्हिन मिलर १९६६ मध्ये खेळाडूंच्या युनियनचा प्रमुख झाला आणि त्याने पोरांना सांगितलं, टॉप्सच्या फोटोला उभे राहू नका. टॉप्सला जुन्या फोटोंवर भागवावं लागलं. शेवटी नमले: २५० डॉलर, शिवाय ४० लाख डॉलरपर्यंतच्या विक्रीवर ८ टक्के आणि त्यापुढे १० टक्के. माझे वडील ८२ च्या गिरणी संपात होते. घरात काय हाल झाले ते मला माहीत आहे. पोझ न देणं हीसुद्धा पोझच असते.

खवचट_काका:
काय हो, कुठे परळची चाळ आणि कुठे अमेरिकेतले स्टार! गिरणी कामगाराला कधी च्युइंगमवाल्यांनी फोटोचे पैसे दिले होते का?

एडिसनकर:
स्टार? १९६७ मध्ये मेजर लीगमधला, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमधला, किमान पगार वर्षाला ६००० डॉलर होता. हिवाळ्यात कितीतरी खेळाडू दुसरीकडे नोकरी करायचे. 'कोट्यधीश' हा शब्द चकोर यांनी कुठून उचलला देव जाणे. आणि संपाबद्दल असं बोलणारे आमच्या गल्लीतही होते. त्यांच्या घरी पगार चालू होता.

खवचट_काका:
आता माझ्या घरावर आलात! माझे मामा स्वतः संपात होते. तो संप ताणायला नको होता, असं ते शेवटपर्यंत म्हणायचे.

चकोर:
मी कार्डांवर लिहिलं होतं. इथे दत्ता सामंतांवर धागा झाला.

मिनी_कलेक्टर:
बोडक्या फोटोंचं सगळं श्रेय संपाला देऊ नका. टॉप्स बिनटोपीचे फोटो मुद्दाम घेऊन ठेवायचं, म्हणजे खेळाडू दुसऱ्या टीमला गेला तरी फोटो चालतो. १९६९ मध्ये तर चार नवे संघ आले होते. नाहीतर मग रंगकाम! १९७६ च्या ट्रेडेड (टीम बदललेल्या खेळाडूंच्या) सेटमधला ऑस्कर गॅम्बल बघा, तेवढ्या मोठ्या केसांवर त्याच्या नव्या टीमची, यांकीजची टोपी रंगवून ठेवलीय. त्याला हसले नाही तर कशाला हसायचं?

एडिसनकर:
टीम बदलण्याचा मुद्दा मान्य. संपाचा मुद्दा सोडणार नाही.

चकोर:
'कोट्यधीश' मागे घेतो, खूश? पण फ्लीअर या दुसऱ्या कंपनीच्या १९८४ च्या कार्डावर ग्लेन हबर्डच्या खांद्यावर भलामोठा साप आहे. तोही मिलरनेच ठेवायला सांगितला होता का?

धूळपाटी:
नाही. त्याला हसा खुशाल. मागे फिलीज टीमचा मॅस्कॉट (सोंग घेतलेला माणूस) उभा आहे, तोही बघून घ्या.