माणुसकी की दयाळूपणा?

मुलगी आठवीत आहे. परवा संध्याकाळी आम्ही दोघी सीएसएमटीहून कल्याण फास्टने घरी येत होतो. दादरला चढलेल्या एका मुलीला गर्दीत भोवळ आली. लेडीज डब्याची रीत तुम्हाला माहीत असेल : 'कुठे उतरणार?' 'कुर्ला.' 'मग तुमची सीट माझी.' अशी सीट जिने धरून ठेवली होती, त्या काकूंनी ती या मुलीला दिली आणि स्वतः डोंबिवलीपर्यंत उभ्या राहिल्या. कोणीतरी पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली. माझ्या मुलीने निबंधात लिहिलं, 'काकूंनी दयाळूपणा दाखवला.' व्याकरणात चूक नाही, तरी मला खटकलं. मी 'माणुसकी' सुचवलं, तर म्हणाली, 'अर्थ एकच ना?' मला नीट सांगता आलं नाही. कोणी सांगेल का?

प्रतिसाद १
खटकलं ते बरोबरच. आजच्या बोलण्यात दया वरून खाली येते. देव दयाघन असतो, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज जातो. 'मला तुझी दया येते' असं कोणाला तोंडावर म्हणून पाहा, तो दुखावेल. त्या काकूही दिवसभर राबून त्याच गाडीत लोंबकळत होत्या, त्या वर कुठे होत्या? नको असलेले कपडे ठेवायचे आणि ज्याला हवे त्याने न विचारता न्यायचे, ही २०१५ मध्ये इराणच्या मशहद शहरात निघालेली कल्पना आपल्याकडे आली, तेव्हा मराठीत तिचं नाव 'माणुसकीची भिंत' पडलं. 'दयेची भिंत' कोणी म्हटलं नाही. घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही असा शब्द लोकांनी आपणहून निवडला.

प्रतिसाद २
दयेला इतकं खाली ढकलू नका. 'दया करणें जें पुत्रासी । तेचि दासा आणि दासी' असं तुकोबा म्हणतात, तिथे पोटचा मुलगा आणि घरातले नोकर एकाच दयेचे धनी आहेत. उंच-नीच शब्दात नव्हती, आपण ती वापरून वापरून आणली. बाकी 'दयाळूपणा' निबंधाबाहेर मीही कधी ऐकलेला नाही.

प्रतिसाद ३
माणुसकीतला 'की' पाहा. पाटीलकी, मास्तरकी, डॉक्टरकी. हा प्रत्यय पेशाला लागतो, अंगावर घेतलेल्या कामाला लागतो. त्याच चालीवर माणुसकी म्हणजे माणूस असण्याचं काम! म्हणून ती दाखवतात, जपतात, विसरतात आणि सोडूनही देतात. माणूसपण वेगळं. ते प्रत्येकाला जन्मतःच असतं, कोणी फार तर नाकारू शकतं. जातीविरुद्धच्या लढ्यात हा शब्द येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, रस्त्यात चहा-बिस्किटं वाटली. त्या रात्रीबद्दल माझे वडील आजही 'माणुसकी' हाच शब्द वापरतात.

आणखी एक, विषय थोडा सोडून. 'आपला माणूस' कचेरीत काम करून देतो, 'आपलं माणूस' घरी यायला उशीर झाला तर जेवायचं थांबतं. लिंग बदललं की नातं बदलतं.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. तिने 'दयाळूपणा' खोडला, पण 'माणुसकी'ही लिहिलं नाही. आता वाक्य असं आहे : 'काकूंनी सीट दिली आणि बाकीच्या सरकून बसल्या.' मला ते आवडलं.

त्यावरून नवीन प्रश्न. डब्यात आपण 'जरा सरकून घ्या' म्हणतो. सरकणारी बाई जागा देते, मग क्रियापद 'घेणे' कसं? समजून घेणं, सांभाळून घेणं, सामावून घेणं, चुकलं तर पदरात घेणं, इथेही तेच. दुसऱ्यासाठी काही करायचं आणि म्हणायचं 'घेणं', हे मराठीत कुठून आलं असेल? व्याकरण जाणणाऱ्यांनी जरूर लिहा.