मोलस्कम: काढून टाकलात की वाट पाहिलीत? अनुभव लिहा

मोत्यासारखे गुळगुळीत, कातडीच्याच रंगाचे, मधोमध बारीकशी खळगी असलेले फोड. दुखत नाहीत, फारतर खाजतात. सुरुवातीला दोन-चार असतात, मग हळूहळू काखेत, पोटावर, गुडघ्याच्या मागे पसरतात. त्वचारोगतज्ज्ञ बघताक्षणी 'मोलस्कम कंटॅजिओसम' म्हणतात आणि पुढचं वाक्य बहुतेक 'आपोआप जाईल' हेच असतं. जातोही. पण साधारण ६ महिने ते दीड वर्ष लागतं, काही मुलांना ३-४ वर्षंसुद्धा. विषाणू देवीच्या कुळातला आहे, पण कातडीच्या वरच्या थरापलीकडे आत शिरत नाही.

एवढी माहिती कुठेही मिळते. इथे हवंय ते पुढचं: तुम्ही काय केलंत, किती दुखलं, डाग राहिले का, परत उठले का. रुग्णाचं वय जरूर लिहा. तीन वर्षांच्या पोराचा उपाय मोठ्या माणसाला लागू होईलच असं नाही, आणि उलटही. फोटो टाकून निदान विचारू नका, ते डॉक्टरांकडेच.

सायली_म
लेक चार वर्षांची, पोटावर आणि काखेत. आम्ही क्युरेटाज केलं, म्हणजे बारीक चमच्यासारख्या हत्याराने फोड खरवडून काढतात. आधी बधिर करणारं मलम लावून वर प्लॅस्टिकची पट्टी, मग तासभर थांबायचं. दुखलं म्हणाल तर फार नाही. हत्यार दिसल्यावर मात्र तिने जो सूर लावला तो बाहेर बसलेल्यांनीही ऐकला. प्रत्येक फोडातून पांढरा घट्ट दाणा निघतो, थोडं रक्त येतं, संपलं.
मला वाटलं होतं एकाच दिवसात सगळे उरकू. डॉक्टरांनी ठाम नकार दिला. लहान मुलांच्या अंगावर ते मलम मोठ्या भागात लावलं तर औषध रक्तात जास्त उतरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होऊ शकते. त्यामुळे वजनानुसार मात्रा ठरवून हप्त्याहप्त्याने केलं. घरी अंदाजाने ते मलम थापू नका, हे मुद्दाम लिहितेय.
मध्ये नवे उठले तेव्हा धीर सुटला होता. पण संसर्गापासून फोड दिसेपर्यंत दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत काळ जातो. म्हणजे ते आधीच रुजलेले होते. एक-दोन ठिकाणी बारीक खळगे राहिलेत, बाकी त्वचा साफ.

बाबा_क्र_१
आम्ही काहीही केलं नाही. मुलगा पाच वर्षांचा, मांड्या आणि गुडघ्यामागे. खरं सांगायचं तर फोडांचा त्रास कमी आणि 'अजून गेले नाहीत का?' विचारणाऱ्यांचा जास्त.
एक प्रसंग लिहिण्यासारखा. बरेच महिने शांत असलेले फोड एकदम लाल झाले, सुजले, भोवती पुरळ. बायको म्हणाली पिकलं, अँटिबायोटिक आणूया. डॉक्टर मात्र खूश! म्हणाले, शरीराच्या प्रतिकारशक्तीला आत्ता कुठे हा विषाणू दिसलाय, ही शेवटाची सुरुवात समजा. औषध दिलं नाही. काही आठवड्यांत एकेक फोड सुकून गळून गेला.

कुतूहल
@बाबा_क्र_१, पण खरंच पिकलं असेल तर कसं ओळखायचं? माझ्या मुलीच्या मानेवर आहेत, एक पापणीच्या कडेलाही आहे.

बाबा_क्र_१
आम्हाला सांगितलेलं: ताप, वाढत जाणारी वेदना, लाली झपाट्याने पसरणं, यातलं काही दिसलं तर लगेच या. पापणीचं मला ठाऊक नाही, कुणीतरी सांगेल.

निळी_छत्री
पापणीबद्दल मी सांगते. माझ्या भाच्याचा एक डोळा सतत लाल, पाणी गळतंय. थेंब घातले की बरा, थांबवले की परत. शेवटी नेत्रतज्ज्ञांनी पापणी उलगडून पाहिलं तर केसांच्या रांगेत इवलासा मोलस्कम. त्यातून विषाणूचे कण डोळ्यात झडत राहतात आणि डोळा चुरचुरत राहतो. तो एक फोड काढला आणि डोळा निवळला. त्यामुळे पापणीच्या कडेला असेल तर 'आपोआप जाईल' वर विसंबू नका. आणि जाळणारं कुठलंही औषध तिथे घरी लावायचं नाही म्हणजे नाही.

तिसरा_मजला
आमच्याकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पातळ द्रावण, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. मुलगी सात वर्षांची. भोवती पेट्रोलियम जेली, मग कापसाच्या काडीच्या टोकाने नेमका फोडावर थेंब. फोड लाल झाला, खपली धरायला लागली की थांबायचं. हे 'थांबायचं' महत्त्वाचं. चुरचुरतं, ती लावताना हात आखडून घ्यायची. फोड गेले, पण आमची कातडी सावळी, प्रत्येक जागी काळसर ठिपका राहिला. महिन्यांनी फिकट होत गेले. चेहऱ्यावर असते तर मी हा मार्ग घेतला नसता.

अनामिक
मोठ्या माणसाचा अनुभव कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. तिशी, जांघेत आणि त्याच्या आसपास. या जागी मोठ्यांना हा बहुधा शरीरसंबंधातून येतो. डॉक्टरांनी सरळ एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांच्या तपासण्या करायला सांगितल्या. राग आला होता, पण कारण पटलं: प्रतिकारशक्ती खालावली असेल तर मोलस्कम मोठे, चेहऱ्याभर, हट्टी होतात, आणि तिथे मूळ आजारावरचा उपचार आधी. माझ्या तपासण्या ठीक आल्या.
उपचार क्रायोथेरपीचा, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं. उणे १९६ अंशांचा तो फवारा. झणझणतं, मग ठणका, मग फोड येऊन खपली. लहान मुलांना हे करतात तेव्हा त्यांचं काय होत असेल!
दोन गोष्टी: त्या भागातलं दाढीचं पातं बंद करा, एका फोडाची रांग होते. आणि कंडोमने झाकला न जाणारा भाग उघडाच राहतो, म्हणून फोड पूर्ण जाईपर्यंत जोडीदाराशी स्पष्ट बोला.

परदेशी_पाहुणी
अमेरिकेत राहते, मुलगा सहा वर्षांचा. इथे २०२३ मध्ये कँथरिडिनचं एक औषध मोलस्कमसाठी मंजूर झालं, दोन वर्षांपुढच्यांसाठी. फोड आणणाऱ्या भुंग्यांमध्ये सापडणारं हे रसायन. दवाखान्यात फक्त टोकाने टेकवतात, मुलगा हसत बसला होता. खरी गंमत नंतर: त्या जागी पाणी भरलेले फोड आले. २४ तासांनी साबणपाण्याने धुवायचं, तीन आठवड्यांनी पुन्हा. डोळ्यांजवळ लावत नाहीत. काम झालं, पण पाण्याचे फोड येणार हे मुलाला आधी सांगून ठेवा.
२०२४ च्या जानेवारीत बर्डाझिमर नावाचं जेलही मंजूर झालं. नायट्रिक ऑक्साइड सोडणारं, एक वर्षापुढच्यांसाठी, घरीच रोज एकदा, बारा आठवड्यांपर्यंत. धाकटीसाठी आमचा विचार चालू आहे.

त्वचेचा_डॉक्टर
वर इमिक्विमॉड (प्रतिकारशक्ती चेतवणारं मलम) कुणी लिहिलं नाही, बरं झालं. मोठ्यांच्या दुसऱ्या एका चामखिळीवर ते उपयोगी आहे म्हणून लोक मुलांच्या मोलस्कमवरही मागतात. मुलांवरच्या मोठ्या चाचण्यांत ते औषध नसलेल्या नुसत्या मलमापेक्षा सरस ठरलं नाही, शिवाय जळजळ. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यातही (सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) कुठलाच एक उपचार ठामपणे उजवा निघाला नाही. म्हणून मी पालकांना एवढंच विचारतो: मुलाला खाज, लाज, रक्त येणं यातलं काही आहे का? नसेल तर थांबा. असेल तर मुलाला झेपेल ते करू. अ‍ॅसायक्लोविर हे नागिणीवरचं औषध या विषाणूवर चालत नाही. आणि टी ट्री तेल, व्हिनेगर, सुईने फोडणं यांच्या जखमा मी मोलस्कमच्या डागांपेक्षा जास्त पाहतो.

ओलीसुकी
डॉक्टर, एक्झिमा असलेल्यांसाठीही लिहा ना. माझा मुलगा खाजवतो आणि नखांवाटे रोग पुढे सरकतो. स्टिरॉइडचं मलम बंद करायचं का?

त्वचेचा_डॉक्टर
बंद करू नका. एक्झिमा आटोक्यात आला तर खाजवणं थांबतं, ते जास्त मोलाचं. मॉइश्चरायझर भरपूर, स्टिरॉइड एक्झिमाच्या चट्ट्यांवर, शक्य तिथे मोलस्कमचे दाणे वगळून. टॉवेल वेगळा, नखं छोटी.

सायली_म
शाळेबद्दल: घरी ठेवायची गरज नाही असं आम्हाला सांगितलं, फोड कपड्याखाली किंवा पट्टीखाली असले की झालं. पोहायला जाताना पाणी न शिरणारी पट्टी. भावंडांची एकत्र अंघोळ मात्र आम्ही बंद केली.

अनामिक
बरं झाल्यावर नागिणीसारखा हा आत दबा धरून राहतो का, हे मी विचारलं होतं. नाही राहत. पण पुन्हा संसर्ग झाला तर पुन्हा होतो.

कुतूहल
@निळी_छत्री, धन्यवाद. मानेवरचे तिला खाजत नाहीत, लाजही वाटत नाही, ते राहू देत. पापणीचा नेत्रतज्ज्ञांना दाखवतेय. तिथे काढताना भाच्याला भूल दिली होती की नुसते थेंब घातले?